क्रमांक मोकळा, यंत्र बांधलेले

मोबाइल दूरध्वनीचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा भारतीय ग्राहकाला मिळाली ती २०११ साली. आदल्या वर्षीच्या २५ नोव्हेंबरला हरयाणात या योजनेचा आरंभ झाला, २० जानेवारी २०११ रोजी ती देशभर लागू झाली, आणि ३ जुलै २०१५ पासून एका दूरसंचार मंडळातून दुसऱ्या मंडळात जातानाही क्रमांक बरोबर नेता येऊ लागला. क्रमांकाच्या दोरीने ग्राहकाला दावणीला बांधून ठेवता येणार नाही, हे तत्त्व त्यायोगे मान्य झाले. परंतु ज्या यंत्रातून तो क्रमांक बोलतो त्या यंत्राचे काय, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही आणि आजही तो गांभीर्याने विचारला जात नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांच्या मुलाने न्यू जर्सीहून त्यांच्यासाठी एक फोन आणला. फोन चांगल्यापैकी महाग, रोख पैसे मोजून घेतलेला आणि कोणत्याही दूरध्वनी कंपनीच्या कराराशी न बांधलेला. सिमकार्ड घालताच इंटरनेट सुरू झाले, नातवंडांची छायाचित्रे येऊ लागली. फक्त एक गोष्ट होईना. फोनवरून बोलता येईना. क्रमांक फिरवला की यंत्र फोर-जीचे जाळे सोडून जुन्या टू-जीच्या शोधात जाई, आणि गुरुजींच्या तळमजल्यावरील घरात ते जाळे जवळजवळ पोहोचतच नसे. कंपनीच्या ग्राहक केंद्राने सांगितले, दोष फोनचा आहे. फोनच्या सेवा केंद्राने सांगितले, हा फोन भारतात विकलेला नाही, सबब आमचा संबंध नाही. दोघांचेही बोलणे नियमाला धरून होते. चाळीस वर्षे शाळा चालवलेल्या माणसाला अशा उत्तरांची सवय असते, असे ते मला म्हणाले.

शेवटी बुधवार पेठेतील एका लहानशा दुकानातील मुलाने हे काम केले. त्याने फोन संगणकाला जोडला, आधी त्यातील सारे काही पुसून टाकले (कारण यंत्राच्या अंतर्भागात शिरण्याची परवानगी या किमतीवाचून मिळत नाही), मग आतील एका फाईलीच्या जागी दुसरी फाईल बसवली. तासाभरात फोन फोर-जीवरून बोलू लागला. एकही सुटा भाग बदलावा लागला नाही, एकही स्क्रू फिरला नाही. चारशे रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या लक्षात आले, की बँकेचे ॲप आता उघडत नाही. फोनच्या मूळ रचनेत फेरफार झाल्याचे त्या ॲपने ओळखले होते, आणि असा फोन असुरक्षित मानून त्याने दार लावून घेतले होते.

हा प्रसंग क्षुल्लक आहे हे मला मान्य आहे. पण ज्या वस्तूचे पूर्ण मोल आपण मोजले ती वस्तू कोठवर आपली, हा जो प्रश्न त्यातून उभा राहतो तो क्षुल्लक नाही.

मोबाइल फोन विशिष्ट कंपनीपुरताच चालतो याची कारणे तीन, आणि ती नेहमी एकमेकांत मिसळली जातात. त्यांतले एक भौतिक आहे. ज्या तरंगपट्ट्यांवर कंपनीचे मनोरे बोलतात त्या पट्ट्या ऐकण्याची सोय यंत्रात नसेल तर कोणतीही फाईल बदलून उपयोग नाही. दुसरे कारण म्हणजे कुलूप. प्रत्येक सिमकार्डात ग्राहकाची एक ओळखसंख्या असते आणि तिचे पहिले आकडे देश व कंपनी दर्शवतात. भारताचे आकडे ४०४ आणि ४०५, ऑस्ट्रेलियाचे ५०५. कुलूपबंद फोन सुरू होताना हे आकडे वाचतो आणि ते आपल्या मालक कंपनीचे नसतील तर सिमकार्ड नाकारतो. कंपनीने दिलेला संकेतांक टाकला की हे कुलूप उघडते. चुकीचा संकेतांक ठरावीक वेळा टाकला तर अनेक फोनांत ते कायमचे बसते. येथे यंत्राची कोणतीही असमर्थता नाही. असमर्थतेचे सोंग तेवढे आहे.

तिसरे कारण अधिक सूक्ष्म असून आजचा खरा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे. टू-जी आणि थ्री-जीमध्ये बोलण्यासाठी जाळ्यातच स्वतंत्र वाट राखलेली होती. फोर-जीची आखणी झाली ती केवळ माहितीच्या वहनासाठी. आवाजही मग माहितीचाच एक प्रकार समजून पाठवावा लागतो, आणि त्यासाठी फोनला कंपनीच्या एका वेगळ्या यंत्रणेकडे आपली नोंदणी करावी लागते. या पद्धतीला व्होल्टी म्हणतात. जगातील मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने तिचा एक सामाईक आराखडा २०१० मध्ये स्वीकारला. परंतु आराखडा एक असला तरी प्रत्येक कंपनीची अंमलबजावणी थोडी थोडी निराळी राहिली. नोंदणी कोठे करायची, ओळख कशी पटवायची, आणीबाणीचा क्रमांक फिरवल्यास काय करायचे, हे तपशील फोनच्या मोडेमजवळ साठवलेल्या लहान लहान फाईलींत लिहिलेले असतात, बहुधा एकेका कंपनीच्या नावाची एकेक फाईल. फोन बनवणारा ज्या दूरध्वनी कंपन्यांबरोबर चाचण्या करतो त्यांच्या फाईली आत घालतो. बाकीच्यांसाठी उत्तर एकच असते, बंद. सेटिंगमध्ये व्होल्टीचे बटणदेखील दिसत नाही. गुरुजींच्या फोनला कुलूप नव्हतेच. त्याला फक्त भारतातील कंपनीचे नाव माहीत नव्हते.

हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली तेव्हा तिच्याकडे टू-जी वा थ्री-जीचे जाळे नव्हते. आवाज केवळ फोर-जीवरूनच जाणार होता. त्या वेळी लोकांच्या हातात असलेल्या कितीतरी फोनांत फोर-जी होते पण व्होल्टी नव्हते, किंवा असूनही बंद होते. कंपनीने त्यावर एका ॲपचा उपाय काढला. त्यातून बोलता येई, पण ते फोनच्या अंगभूत बोलण्यासारखे नव्हते. तेव्हा हजारो तरुणांनी आपापल्या फोनांच्या अंतर्गत फाईली उघडून ही सोय चालू करण्याचा मार्ग धरला. शाओमीच्या अनेक फोनांत तर ‘माझी कंपनी यादीत आहे का’ ही तपासणीच बंद करणारा एक गुप्त संकेत होता. त्यातील मुख्य आकडे ८६५८३. जुन्या पद्धतीच्या कळफलकावर या आकड्यांखालची रोमन अक्षरे जुळवली तर ‘व्होल्टी’ हाच शब्द तयार होतो! म्हणजे ज्यांनी दार लावले त्यांनीच किल्ली पायपुसण्याखाली ठेवली होती. ज्यांना ती सापडली त्यांचे काम झाले. ज्यांना सापडली नाही त्यांना दुकानदाराने नवा फोन घेण्याचा सल्ला दिला असणार.

कुलपाचा इतिहास पाहायचा तर अमेरिकेकडे वळले पाहिजे, कारण तेथे हा वाद रस्त्यावरून न्यायालयाच्या व संसदेच्या दारापर्यंत गेला. २९ जून २००७ रोजी ॲपलचा पहिला आयफोन तेथे विक्रीस आला तो फक्त एटी अँड टी या एकाच कंपनीसाठी. दोन महिनेही उलटले नाहीत तोच ऑगस्टमध्ये न्यू जर्सीच्या जॉर्ज हॉट्झ या सतरा वर्षांच्या मुलाने डाख देण्याचे अवजार आणि संगणक यांच्या साह्याने त्याचे कुलूप काढले. तो फोन देऊन त्याने मोबदल्यात एक मोटार आणि तीन नवे आयफोन मिळवले. ॲपलने सप्टेंबरमध्ये नवी प्रणाली पाठवली, आणि कुलूप काढलेले अनेक फोन तिच्यामुळे निकामी झाले. ॲपलने भारतात अधिकृत विक्री ऑगस्ट २००८ मध्ये सुरू केली. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, मुंबईच्या हीरा पन्ना वा मनीष मार्केटमध्ये कुलूप काढून मिळणारे परदेशी फोन हा उघड व्यवहार होता. त्या बाजाराला चोरबाजार म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की त्यातील पुष्कळ फोन कोणाच्या ना कोणाच्या भाच्याने वा जावयाने रीतसर पैसे देऊन आणलेले होते.

अमेरिकेत या कुलपाला संरक्षण मिळाले ते कोणत्या कायद्याने? दूरसंचाराच्या नव्हे, तर ग्रंथस्वामित्वाच्या. १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्टने, कलाकृतींवर घातलेले तांत्रिक कुलूप तोडणे हाच एक स्वतंत्र अपराध ठरवला. चित्रपट व संगीत यांच्या चोरीला आळा घालणे हा त्याचा हेतू होता. परंतु फोनमधील प्रणाली हीदेखील एक ‘कृती’च असल्याने, स्वतःचा फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमकार्डावर चालवणारा गृहस्थ कायद्याच्या दृष्टीने पुस्तकचोराच्या पंक्तीला जाऊन बसला. या कायद्यातून दर तीन वर्षांनी सवलती देण्याचा अधिकार काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या प्रमुखाकडे आहे. देशातील सर्वांत मोठ्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालाने नागरिकांच्या फोनची कुलपे उघडावीत की नाही हे ठरवावे, यातील विनोद अमेरिकनांच्याही ध्यानात आला असावा. २००६ मध्ये ही सवलत प्रथम मिळाली, २०१० मध्ये चालू राहिली, आणि २०१२ मध्ये ती काढून घेण्यात आली. २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या फोनचे कुलूप कंपनीच्या परवानगीवाचून काढणे बेकायदा ठरले. धंद्यासाठी असे करणाऱ्यास पहिल्याच अपराधाला पाच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास अशी या कायद्यातील तरतूद आहे. १,१४,००० हून अधिक लोकांनी व्हाइट हाउसकडे सह्यांचा अर्ज केला, ४ मार्च २०१३ रोजी सरकारने अर्जदारांच्या बाजूने उत्तर दिले, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या स्वाक्षरीने ही सवलत परत आणणारा कायदा झाला. तरीही तो कायदा ग्राहकाला केवळ कुलूप काढू देतो. कुलूप लावूच नये असे तो विक्रेत्याला सांगत नाही.

कॅनडा आणि ब्रिटन यांनी ते सांगितले. कॅनडात २०१६ या एका वर्षात कंपन्यांनी फोनची कुलपे उघडण्याच्या शुल्कापोटी सुमारे ३ कोटी ७७ लाख डॉलर गोळा केले. आपणच लावलेले कुलूप आपणच काढण्याचे हे पैसे. १ डिसेंबर २०१७ पासून तेथील नियामकाने हे शुल्क आणि कुलूपबंद विक्री दोन्ही बंद केली. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकण्यास बंदी आहे. कंपनी बदलायची नाही असे ठरवलेल्या ग्राहकांपैकी एकतृतीयांशाहून अधिक लोकांना फोनचे कुलूप काढण्याच्या कटकटीने मागे खेचले होते, असे तेथील ऑफकॉम या नियामक संस्थेला आढळले होते. ब्रिटनमधील ओटू, थ्री यांसारख्या कंपन्या त्याआधीच कुलूप न लावता फोन विकत होत्या. त्यांचे दिवाळे निघाल्याचे ऐकिवात नाही. फोन हप्त्याने वा सवलतीत दिला म्हणून कुलूप लावतो, हे कंपन्यांचे समर्थन म्हणूनच टिकत नाही. हप्ते वसूल करायला करार असतो, आणि करार मोडला तर न्यायालय असते.

भारतीय कायदा या बाबतीत अमेरिकेपेक्षा शहाणा आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. आपल्या कायद्यांविषयी असे म्हणण्याची संधी वारंवार येत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आले. तेही तांत्रिक कुलूप तोडण्यास शिक्षा सांगते, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. परंतु ते कुलूप हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडले असेल तरच. जो आपला फोन दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर बोलावा एवढ्यासाठी त्यातील फाईल बदलतो तो कोणाच्याही ग्रंथस्वामित्वावर घाला घालत नाही. बुधवार पेठेतील तो मुलगा या कलमाखाली अपराधी ठरेल असे मला वाटत नाही.

मात्र येथे एक सीमारेषा स्पष्ट आखली पाहिजे. प्रत्येक फोनला पंधरा आकड्यांचा एक ओळखक्रमांक असतो. चोरीचा फोन शोधणे, तो जाळ्यावर बंद पाडणे, गुन्ह्याचा माग काढणे, हे सारे त्यावर अवलंबून असते. दूरसंचार अधिनियम, २०२३ प्रमाणे अशा ओळखचिन्हात फेरफार करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि ते योग्यच आहे. जाळ्याची फाईल बदलणे आणि ओळखक्रमांक बदलणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी होत. पण दोन्ही एकाच टेबलावर, त्याच संगणकाने व त्याच अवजारांनी होतात, आणि हाताशी धंदा असला की माणूस एका कामावरून दुसऱ्यावर सहज घसरतो. प्रामाणिक गरज असलेल्या ग्राहकाला राजरस्ता दिला नाही तर तो या गल्लीत शिरणार, आणि गल्लीत शिरल्यावर तो कोणाच्या हाती सापडेल याची शाश्वती नाही. मोडेमच्या ज्या भागात या फाईली असतात त्याच्या आसपासच तो पंधरा आकडी क्रमांक व रेडिओची मोजमापेही असतात. हात चुकला तर फोन आपली ओळखच गमावतो, आणि मग कोणत्याच कंपनीचे जाळे त्याला दिसत नाही.

यात खरे नुकसान होते ते गरिबाचे. श्रीमंत मनुष्य असा फोन टाकून दुसरा घेतो. आपल्याकडे स्वस्त फोन आणि बांधलेले यंत्र यांचे नाते जुने आहे. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन नेण्याची योजना आणली तेव्हा लाखो कुटुंबांत पहिल्यांदा मोबाइल आला. तो सीडीएमए पद्धतीचा होता. कंपनी सोडली की यंत्राचा दुसरीकडे उपयोग जवळजवळ शून्य. पुढे ते जाळेच बंद झाले आणि घरोघरच्या खणांतून ती यंत्रे खेळणी होऊन पडली. २०१७ मध्ये जिओफोन आला. १,५०० रुपये अनामत, ती तीन वर्षांनी परत मिळण्याजोगी, आणि सिमकार्ड मात्र जिओचेच चालणार. मोलकरीण, रिक्षावाला, शेतमजूर यांच्या हाती इंटरनेट पोचवण्याचे श्रेय या यंत्राला दिलेच पाहिजे. परंतु अनामत भरणारा हा मालक असतो की ठेवीदार? त्या गावात उद्या दुसऱ्या कंपनीचा मनोरा अधिक चांगला चालू लागला तर क्रमांक नेण्याचा कायदेशीर अधिकार त्या शेतमजुराला आहेच. तो क्रमांक घालायचा कशात, एवढाच प्रश्न उरतो.

फाईलीचा हा प्रश्न सोयीपुरताच आहे असे कोणास वाटत असेल तर त्याने ऑस्ट्रेलियाकडे पाहावे. तेथील टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या कंपन्यांनी आपली थ्री-जी जाळी २८ ऑक्टोबर २०२४ पासून बंद केली. मूळ तारखा आधीच्या होत्या. त्या पुढे ढकलाव्या लागल्या, कारण एक भयंकर गोष्ट उघड झाली होती. काही फोन एरवी फोर-जीवरून व्यवस्थित बोलत, पण त्यावर तीन शून्ये, म्हणजे तेथील आणीबाणीचा क्रमांक, फिरवला की ते थ्री-जीकडे धाव घेत. आणीबाणीच्या वेळी काय करायचे हे ज्या फाईलीत लिहिले होते तिथे जुनाच मजकूर राहिला होता. फोनधारकाला याचा पत्ता नव्हता, आणि कळण्याचा मार्गही नव्हता, कारण गंमत म्हणून कोणी रुग्णवाहिका बोलावून पाहत नाही. अखेर असे फोन आपल्या जाळ्यावर चालूच द्यायचे नाहीत, असे बंधन सरकारने कंपन्यांवर घातले. त्यात परदेशांत घेतलेले फोन विशेष सापडले. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तेथे गेलेल्या आणि घरून फोन घेऊन गेलेल्या आपल्या मुलांनाही या नियमाशी गाठ पडली. अमेरिकेतही एटी अँड टीने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी थ्री-जी बंद करताना मान्य फोनांची यादी काढली होती. यादीबाहेरचा फोन यंत्र म्हणून कितीही सक्षम असो, बोलण्यापुरता तो मुका.

कंपन्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद याच घटनेतून निघतो, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. चाचणी न झालेली फाईल कोणीही कोणत्याही फोनमध्ये घालू लागला तर बोलणे चालू झाले तरी आणीबाणीची हाक पोहोचेलच याची हमी कोण देणार? बुधवार पेठेतील मुलाने गुरुजींना ११२ फिरवून दाखवला नव्हता. तो दोष त्याचा नाही, परंतु जोखीम खरीच आहे. बँकेच्या ॲपने दार लावले तेही केवळ अडेलतट्टूपणाने नव्हे. अंतर्भाग उघडलेल्या फोनमध्ये चोराला शिरणे सोपे जाते. पण या युक्तिवादाचा निष्कर्ष काय निघतो? ग्राहकाला फाईलीपासून दूर ठेवा, असा नव्हे. योग्य फाईल योग्य माणसाने, चाचणी करून, वेळेवर द्यावी, असा निघतो. ती देणे ज्यांच्या हाती आहे ते देत नाहीत आणि दुसऱ्या कोणी दिली तर सुरक्षिततेचा हवाला देतात. हे वर्तन घराला आग लागली असता बंबही न पाठवणाऱ्या आणि शेजाऱ्याने पाणी टाकले म्हणून त्याला नोटीस देणाऱ्या नगरपालिकेसारखे झाले.

आपल्याकडे हा प्रश्न आज तीव्रतेने जाणवत नाही, याचे कारण टू-जी अद्याप जिवंत आहे. बोलणे फोर-जीवरून जमले नाही तर अनेक कंपन्यांचे फोन निमूटपणे जुन्या जाळ्यावर उतरतात आणि ग्राहकाला काही कळतही नाही. पण ही स्थिती चिरकाल टिकणारी नाही. एअरटेलने थ्री-जी २०१९-२० मध्येच आवरते घेतले. भारतातील पहिल्या मोबाइल संभाषणाला २५ वर्षे झाली त्या निमित्ताने, जुलै २०२० मध्ये, मुकेश अंबानी यांनी टू-जीत अडकलेल्या ३० कोटी ग्राहकांचा उल्लेख करून ते तंत्र इतिहासजमा करावे असे आवाहन केले होते. ते केव्हा होईल ते होवो. झाले की ऑस्ट्रेलियाचा प्रसंग आपल्याकडे येईल, आणि आपली संख्या ऑस्ट्रेलियाची नाही. त्यातही हातोहात विकले गेलेले, दुबईहून वा अमेरिकेहून आलेले, उत्पादकाने सांभाळणे सोडून दिलेले फोन ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यावर पहिला घाव पडेल.

यावर उपाय अवघड नाही, आणि त्याला आपल्याकडे पूर्वाधार आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने विक्रीस येणाऱ्या प्रत्येक फोनवर आणीबाणीची कळ असलीच पाहिजे असा नियम केला. त्याच सुमारास, घटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषा वाचता आल्या पाहिजेत अशीही अट फोनांवर घालण्यात आली. म्हणजे मराठी अक्षर फोनला उमटवता आले पाहिजे हे सरकार सांगू शकते. मग भारतात परवाना असलेल्या प्रत्येक दूरध्वनी कंपनीच्या जाळ्याची चाचणी केलेली फाईल प्रत्येक फोनमध्ये असली पाहिजे, हे सांगायला त्याला अडचण ती कोणती? परवानाधारक कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. त्यांनी आपल्या व्होल्टीची मोजमापे प्रसिद्ध करावीत, फोन बनवणाऱ्यांनी ती उचलावीत, आणि यंत्र विकल्यापासून निदान सात वर्षे ती अद्ययावत ठेवावीत. परदेशात विकलेला त्याच जातीचा फोन येथे आला तर त्यालाही तीच फाईल दूरवरून मिळावी. तांत्रिकदृष्ट्या तो काही तासांचा उद्योग आहे. विकताना कुलूप लावण्यास बंदी असावी. अनामतीवर दिलेल्या फोनचे कुलूप अनामतीची मुदत संपताच आपोआप उघडावे, ग्राहकाला त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागू नये. आणि उत्पादकाने सांभाळणे सोडले की त्याने फाईल बदलण्याचा अधिकृत मार्ग, फोन न पुसता आणि ओळखक्रमांकाला धक्का न लावता, मालकासाठी मोकळा करावा.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे संकेतस्थळही सुरू केले. मोडलेला पडदा कोठे बदलून मिळेल हे सांगण्यापुरता तो हक्क राहू नये. पडदा शाबूत, बॅटरी शाबूत, पण एका फाईलीत एक नाव नाही म्हणून मुका झालेला फोनही नादुरुस्तच असतो, आणि त्याची दुरुस्ती त्या हक्कात मोडते, एवढे तरी त्या विभागाने आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मिळून जाहीर करावे.

गुरुजींनी सध्या आपली व्यवस्था लावून घेतली आहे. बोलण्यासाठी मुलाने आणलेला फोन, आणि बँकेसाठी सात वर्षांपूर्वीचा, काचेला तडा गेलेला जुना. निवृत्तिवेतन जमा झाले का ते पाहायचे असले, की ते कपाटातून जुना काढतात, नव्या फोनच्या इंटरनेटला जोडतात, आणि पाहून झाले की पुन्हा रुमालात गुंडाळून ठेवून देतात.